चिठ्ठी तीन आठवडे पाकिटात आहे, सायकियाट्रिस्टकडे जायची हिंमत होत नाहीये

सिडकोकर_४१:

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

वय ४१, नाशिकच्या सिडकोत राहतो, अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे. बायको, आठवीतली मुलगी आणि आई. मागच्या गणपतीपासून झोपेचं सगळं बिघडलंय. अकराला आडवा होतो, झोप लागते पण तीन सव्वातीनला टक्क जाग येते आणि मग छातीत धडधड, हातापायाला घाम, डोक्यात लाईनवरच्या रिजेक्शनपासून मुलीच्या बारावीच्या फीपर्यंत सगळं फिरत राहतं, ती अजून आठवीत आहे तरी. पाचला खाली दूधवाल्याची गाडी येते तेव्हा कुठे डोळा लागतो आणि सहाला उठायचं कारण सातला कंपनीची बस.

आधी वाटलं हार्टचं आहे. ईसीजी, टूडी इको, स्ट्रेस टेस्ट, शुगर, थायरॉईड, बी-ट्वेल्व्ह सगळं करून झालं, सगळं नॉर्मल. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट शांतपणे बघितले आणि चिठ्ठीवर गंगापूर रोडच्या एका सायकियाट्रिस्टचं नाव लिहून दिलं, म्हणाले भेटून या, उशीर करू नका. ती चिठ्ठी तीन आठवडे पाकिटात आहे. दोनदा गेलो. एकदा गाडी लावून खालीच उभा राहिलो, दुसऱ्यांदा जिन्यापर्यंत गेलो, बोर्डावर मनोविकार तज्ज्ञ वाचलं आणि तसाच फिरलो. विकार हा शब्दच अंगावर येतो हो.

माझं अडतं ते इथे की मी रोज कामावर जातोय, एक खाडा नाही, हप्ते वेळेवर जातात, मग मी आजारी कसा? पण दुसरीकडे असं आहे की रविवारी सकाळी आमचा ग्रुप मिसळ खायला जायचा आणि तिथून सोमेश्वरला, त्यात मी सहा महिने गेलेलो नाही. मॅच चालू असते, मी समोर बसलेला असतो आणि स्कोअर विचाराल तर सांगता येणार नाही. परवा मुलगी चित्र दाखवायला आली, मी छान म्हटलं, ती म्हणाली बाबा तुम्ही बघितलंच नाही, आणि कागद घेऊन आत गेली. ते तेव्हापासून टोचतंय.

झोप यावी म्हणून आठवड्यातून तीन-चार रात्री दोन पेग घेतो, घरात माहिती आहे, आवडत नाही कुणाला. आणि एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही, इथे नाव नाही म्हणून लिहितोय, कधी कधी तीन वाजता वाटतं की सकाळ झालीच नाही तर बरं. करणार काही नाही मी, पण वाटतं.

तर मन चांगलं असणं म्हणजे नेमकं काय आणि माझं हे नुसतं टेन्शन आहे की आजार? आत गेल्यावर काय करतात, गोळ्या कायमच्या लागतात का, कंपनीत कळतं का? लहानपणी गावात कुणी जरा वेगळं वागलं की याला ठाण्याला, म्हणजे तिथल्या वेड्यांच्या इस्पितळात न्या म्हणायचे सगळे, हसायचे, मीपण हसायचो. तेच डोक्यात घट्ट बसलंय.

—

सायली_जेलरोड:

दादा, तो जिना मला चांगला माहितीये. तोच दवाखाना असेल असं नाही पण जिना सगळ्यांचा सारखाच असतो.

२०१९ मध्ये माझी दुसरी डिलिव्हरी झाली, त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी मला बाळाला घ्यावंसंच वाटेना. दूध पाजायचे, आंघोळ घालायचे, सगळं व्हायचं पण आत काहीच हलायचं नाही आणि मग त्याचंच रडू यायचं की कशी आई आहे मी. सासूबाई म्हणायच्या पहिलटकरीण आहेस का तू आता, एवढं काय त्यात. वाईट नाहीत त्या, त्यांच्या वेळी हे कुणी ओळखलंच नाही एवढंच. लसीकरणाला गेले तेव्हा बाळाच्या डॉक्टरांनी माझ्याकडे बघून विचारलं तुम्ही झोपता का नीट, आणि मी तिथेच रडायला लागले.

पहिल्यांदा गेले तेव्हा स्कूटीवर बांधतो ना आपण तो स्कार्फ, तो वेटिंगमध्येपण तोंडावरून काढला नाही, वर गॉगल. शेजारी एक आजी बसल्या होत्या, त्यांच्या मुलाने आणलेलं त्यांना कारण विसरायला व्हायचं. अर्ध्या तासाने त्या आजींनी त्यांची पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली, घे गं म्हणाल्या, आणि पाणी प्यायचं तर स्कार्फ काढावाच लागला. मग बघितलं आजूबाजूला. एक कॉलेजचा मुलगा, एक नवरा बायको, एक खाकी पँटमधले पोलीस असावेत ते. दाताच्या दवाखान्यात बसतात तशीच माणसं सगळी, मोबाईल बघत बसलेली.

आत काय होतं ते सांगते कारण मला त्याचीच भीती होती. टेबल, खुर्ची, डॉक्टर. बीपी बघितलं. मग प्रश्न: झोप किती, भूक कशी, कामात लक्ष लागतं का, घरात कुणाला आधी असा त्रास होता का, दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत का, दारू तंबाखू काही. आणि हे पण सरळ विचारलं की मरणाचे विचार येतात का. मला वाटलेलं हा प्रश्न आला तर मी कोसळेन, उलट हलकं वाटलं की कुणीतरी विचारलं तरी. पहिली भेट पाऊण तासाची झाली, पुढच्या दहा-पंधरा मिनिटांच्या. फी आधी फोन करून विचारून घ्या, प्रत्येकाची वेगळी असते आणि विचारण्यात काही लाज नाही.

गोळ्या मला साधारण नऊ महिने होत्या, मग हळूहळू कमी करत बंद. मध्ये एकदा बरं वाटतंय म्हणून मीच परस्पर थांबवल्या आणि चार दिवसांत चक्कर, चिडचिड सगळं परत, तेवढं मात्र करू नका. आणि लगेच फरक पडत नाही, मला तिसऱ्या आठवड्यात एक दिवस कुकरची शिट्टी ऐकून भूक लागली तेव्हा कळलं की काहीतरी बदलतंय. बाळ आता शाळेत जातं.

—

समुपदेशन_नाशिक:

मी एका कॉलेजमध्ये समुपदेशनाचं काम करते, डॉक्टर नाही, त्यामुळे निदान मी करणार नाही, पण तुम्ही विचारलंय त्यातलं बरंच रोज ऐकते.

सगळ्यात आधी तुमचं ते तीन वाजताचं वाक्य. सकाळ झालीच नाही तर बरं, हा विचार तुम्ही लिहिलात ते फार बरं केलं. करणार काही नाही हे तुमचं खरं असेलच, पण हा विचार येतो आहे म्हणजे थांबू नका, आणि घरात एका माणसाला तरी सांगा. हा विचार वाढला, किंवा कसं करायचं असं काही डोक्यात यायला लागलं, तर त्या रात्री एकटं राहू नका, ११२ ला फोन करा किंवा सरळ जवळच्या दवाखान्यात जा. आणि तीन वाजता बोलायला कुणी नसतं म्हणून एक नंबर लिहून ठेवा, १४४१६. ही टेलिमानस नावाची सरकारी सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न. मन चांगलं म्हणजे कायम आनंदात असणं नाही, दुःख, राग, काळजी सगळं चांगल्या मनातही येतं. जागतिक आरोग्य संघटना जे म्हणते ते सोप्या शब्दांत असं की माणसाला आपल्यात काय आहे ते कळतं, रोजचे ताण पेलता येतात, काम नीट होतं आणि आजूबाजूच्या माणसांसाठी काही करता येतं. तुम्ही यातलं काम तेवढं धरून बसलात, खाडा नाही म्हणून आजारी नाही. पण मिसळ सुटली, मित्र सुटले, मॅच समोर असून दिसत नाही, मुलीचं चित्र दिसलं नाही. माझ्याकडे येणारे बरेच जण असेच असतात, सगळी ताकद लावून नोकरी तेवढी सांभाळतात आणि उरलेलं आयुष्य त्यात खर्ची पडतं.

टेन्शन आणि आजार यात फरक ढोबळ असा की टेन्शनला कारण असतं आणि कारण संपलं की ते उतरतं, मधेमधे मन रमतंही. पण उदासी किंवा कशातच गोडी नसणं हे जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ, दोन आठवड्यांच्या वर राहिलं आणि सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली तर डॉक्टर डिप्रेशनचा विचार करतात. पहाटे लवकर जाग येऊन परत झोप न लागणं हे त्यातलं नेहमी दिसणारं लक्षण आहे. धडधड आणि घाम हे अँग्झायटीचं, म्हणजे अति चिंतेच्या आजाराचंही असू शकतं, दोन्ही एकत्रही असतात. तुम्हाला दोन आठवडे नाही, कित्येक महिने झालेत. हार्टच्या तपासण्या आधी केल्यात ते योग्यच केलंत, थायरॉईड बिघडला की असाच त्रास दिसू शकतो, ते नाही हे आता पक्कं माहिती आहे.

पेगबद्दल स्पष्ट बोलते. दारूने झोप लागते पण रात्रीच्या दुसऱ्या अर्ध्यात ती झोप मोडते, म्हणजे तीनची जाग त्यातूनही येत असेल. डॉक्टरांना किती आणि किती दिवस हे खरं सांगा, ते ओरडायला बसलेले नसतात, गोळी ठरवताना त्यांना ते माहिती असावं लागतं.

कुणाकडे जायचं यातही लोक गोंधळतात. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे मनाच्या आजारात शिकलेले डॉक्टर, औषध तेच देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हे औषध देत नाहीत, थेरपी करतात, टेस्ट घेतात, त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ती विचारून घ्यायला हरकत नाही. माझ्यासारखे समुपदेशक बोलून वाट काढायला मदत करतात. तुमच्या डॉक्टरांनी सायकियाट्रिस्ट लिहिलाय तर तिथूनच सुरुवात करा, थेरपी लागली तर ते पाठवतील.

कंपनीचं विचारलंत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, २९ मे २०१८ पासून लागू, त्यात पेशंटची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. डॉक्टर तुमच्या एचआरला फोन करत नाहीत. त्याच कायद्यात हेही आहे की विमा कंपनीने मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरायचं. आणि तुम्ही एकटे नाही आहात, बंगळुरूच्या निम्हान्स या मनाच्या आजारांवरच्या सरकारी संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातल्या १२ राज्यांत पाहणी केली त्यात शंभरातल्या साधारण दहा-अकरा प्रौढांना त्या वेळी मनाचा काही ना काही आजार होता आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते. त्यात उपचाराची सोय नाही असे कितीतरी, पण जिन्यावरून परत फिरलेलेही खूप.

—

प्राणायाम_रोज:

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. गोळ्या एकदा सुरू झाल्या की सुटत नाहीत. मी २०१६ ला इगतपुरीला विपश्यनेचा दहा दिवसांचा कोर्स केला, आयुष्य बदललं. रोज पहाटे उठून ध्यान करतो. दादा तुम्हाला तीनला जाग येतेच आहे तर तो वेळ ध्यानाला लावा, डॉक्टरच्या नादी लागायची गरज नाही. मनापासून सांगतोय.

—

समुपदेशन_नाशिक:

तुम्हाला फायदा झाला हे चांगलंच आहे आणि तुम्ही आपुलकीने सांगताय हेही कळतंय. पण विपश्यनेच्या कोर्सच्या अर्जातच मनाच्या आजाराबद्दल विचारलेलं असतं आणि गंभीर मानसिक त्रास असलेल्यांनी येऊ नये, हा डॉक्टरी उपचाराला पर्याय नाही, असं तेच लोक सांगतात. ज्याला मरणाचे विचार येताहेत त्याने पहाटे तीनला अंधारात एकटं बसून स्वतःच्या विचारांकडे बघावं असं मी तरी कधीच सांगणार नाही. बरं वाटायला लागल्यावर ध्यान, चालणं, सगळं करा, खूप उपयोग होतो.

गोळ्यांचं म्हणाल तर डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्यांची दारू-सिगारेटसारखी चटक लागत नाही. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, कधी जास्त लागतात, आणि बंद करताना हळूहळू करायच्या एवढंच. सवय लागू शकते ती झोपेच्या आणि घबराटीच्या काही ठराविक गोळ्यांची, त्या डॉक्टर थोड्या दिवसांपुरत्याच देतात. म्हणूनच मेडिकलवाल्याकडून ओळखीने झोपेची गोळी आणणं बंद करायला हवं, तिथून खरी अडचण सुरू होते.

—

बागाईतदार_दिंडोरी:

वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. माझ्या मोठ्या भावाचं सांगतो, त्याला विचारून लिहितोय.

आमची द्राक्षबाग, एक्सपोर्टचा माल. एक्सपोर्टला फवारणीची वही ठेवावी लागते, कोणतं औषध कधी, किती, सगळं, आणि दादाची वही म्हणजे अक्षर बघत राहावं अशी. त्या साली छाटणीनंतर अवकाळी झाला, वेलीवर डावणी रोग आला, निम्म्याहून जास्त घड गेले. ते तर सगळ्यांचंच झालं होतं गावात. पण दादा पॅकिंग शेडमध्ये जाऊन बसायला लागला एकटा. आम्हाला वाटलं कर्जाचा विचार करतोय, करू दे. मी एकदा वही उघडली तर नोव्हेंबरपासून पानं कोरी. फवारणी मजूर करत होते पण दादाने लिहिलंच नव्हतं. चौदा वर्षांत असं झालं नव्हतं. तेव्हा मला कळायला पाहिजे होतं आणि मला कळलं नाही.

कळलं नाही म्हणजे आम्ही त्याला देवर्षीकडे नेलं. लिंबू, नारळ, अमावास्येचे फेरे, कुणी म्हणे बांधावरचं आहे, कुणी म्हणे भावकीतून केलंय. त्यात भावकीशी बोलणं तुटलं ते वेगळंच. वर्ष गेलं सगळं. वजन किती उतरलं होतं त्याचं. शेवटी गावातली आशाताई, म्हणजे घरोघरी आरोग्याचं काम करणारी आशा सेविका, आईला म्हणाली काकू हे बाहेरचं नाही, हे आजारपण आहे, याला सिव्हिलला न्या. आई ऐकली तिचं, माझं ऐकलं नसतं.

सिव्हिल म्हणजे आपलं त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय, तिथे मनाच्या डॉक्टरांची ओपीडी आहे. रांग असते, सकाळी लवकर जायचं. सरकारी दवाखान्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर न उपचार फुकट झालेत, तर ज्याला खाजगी परवडत नाही त्याने पैशासाठी थांबू नये. आम्ही दर महिन्याला जायचो, गोळ्या तिथूनच मिळायच्या. पहिल्या महिन्यात मला वाटलं काही उपयोग नाही. दुसऱ्या महिन्यात एक दिवस दादा स्वतःहून बागेत गेला न म्हणाला ड्रिपची नळी फुटलीय तिकडं, कोण बघतंय की नाही. आई पदराने डोळे पुसायला लागली, नळी फुटली म्हणून आनंद झालेली आमचीच एक बाई.

पुढच्या हंगामाला वही परत त्याच्या हातात. कर्ज अजून आहे, भाव तसाच वरखाली, ते काही गोळीने फिटत नाही, पण आता बँकेत तो स्वतः जाऊन बोलतो.

सिडकोकर भाऊ, तुमच्या मुलीचं चित्र न आमच्या दादाची वही, मला तर एकच दिसलं. वर्ष घालवू नका आमच्यासारखं.

—

सिडकोकर_४१:

सगळ्यांचे आभार. चार दिवस लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं काहीतरी करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

मंगळवारी रात्री परत तीन दहाला जाग आली. हॉलमध्ये येऊन बसलो आणि १४४१६ लावला. मराठी निवडता आलं, एक बाई बोलल्या, आवाजावरून तरुण असाव्यात. मला पहिली दोन मिनिटं बोलताच येईना, त्या म्हणाल्या वेळ घ्या, मी आहे लाईनवर. वीसेक मिनिटं बोललो असेन. शेवटी त्यांनी विचारलं घरात आत्ता कोण आहे, त्यांना सांगता येईल का.

फोन ठेवून मागे बघितलं तर बायको दारात उभी. म्हणाली मी रोज जागीच असते रे तू उठलास की, तुला विचारलं तर तू चिडशील म्हणून झोपल्याचं सोंग घेते. म्हणजे इतके महिने आम्ही दोघंही जागे होतो, एक हॉलमध्ये, एक आत. सगळं सांगितलं तिला, सकाळ झालीच नाही तर वालंपण. ती काही बोलली नाही, हात धरून बसली, दूधवाला येईपर्यंत. तेव्हापासून बाटली घरात नाही, तिने नाही काढली, मीच तिला दिली काढून टाकायला.

आईला काय सांगायचं ते ठरलं नाहीये. बायको म्हणते झोपेच्या डॉक्टरकडे जातोय म्हणून सांगू आत्ता, बाकीचं नंतर. खोटं तर नाहीच ते.

शनिवारी साडेअकराची वेळ मिळाली आहे, तीच सोबत येतेय. फोन मीच केला, रिसेप्शनवरच्या मुलीने नाव, वय आणि नंबर विचारला, बस. ईसीजी, टूडी इकोची सगळी फाईल न्यायची का की चिठ्ठी पुरते?

—

सायली_जेलरोड:

फाईल न्याच, परत तपासण्या करायला नको. आणि आज रात्रीपासून एका कागदावर लिहा किती वाजता झोपलात, कितीला जाग आली, पेग कधीपर्यंत आणि किती घेत होतात, आधी कुठल्या गोळ्या घेतल्या असतील तर त्यांची पानंच सोबत ठेवा. आत गेल्यावर निम्मं आठवत नाही, मी तर बाळाची जन्मतारीख चुकीची सांगितली होती. वहिनींनाही आत येऊ द्या थोडा वेळ, त्यांनी जे बघितलंय ते तुम्हाला सांगता येणार नाही.

शनिवारी त्या वेळेला गंगापूर रोडला गाडी लावायला जागा मिळत नाही, रिक्षाने जा दोघं. पाण्याची बाटली घ्या बरोबर.